एकशे अडतीस कोटींचं नाणं आणि सातपूरचा रुपया

शुक्रवार : सातपूर

सांगलीहून माणूस नाशिकला जातो तो एक तर त्र्यंबकेश्वराला, नाही तर कुणाच्या लग्नाला. मी निघालो होतो भाषण करायला. नाशिकच्या काही हौशी नाणेसंग्राहकांनी एका मंगल कार्यालयात प्रदर्शन भरवलं होतं आणि शनिवारी सकाळी मला ‘जगातलं सगळ्यात महाग नाणं’ या विषयावर बोलायचं होतं. ते नाणं मी पाहिलेलं नाही. पाहण्याची शक्यताही नाही. मी शाळेत इतिहास शिकवतो आणि माझ्या संग्रहातली बरीचशी नाणी दुसऱ्या कुणाला नको होती म्हणून माझ्याकडे आली आहेत. हे आधीच सांगून टाकतो, नाही तर मला वाचकांना फसवल्यासारखं वाटत राहील. माझा स्वभावच तसा. शेजारच्यांचं दही नीट लागलं नाही तरी मला वाटतं, आपण रात्री दार जोरात आपटलं असेल.

द्वारका चौकात मला न्यायला नितीन आला होता. नितीन माझा मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ, मूळचा आमच्या सांगलीचाच. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात तो लेथवर काम करतो. कंपनीचा निळा शर्ट अजून अंगावरच होता.

“दाजी, बॅग पुढं द्या, तुम्ही मागं बसा,” तो म्हणाला. “आणि गाडीवर भाषणाचा सराव करू नका, सिग्नलला लोक बघतात.”

सातपूरला पोचलो तेव्हा शिफ्ट सुटत होती. कारखान्यांच्या फाटकांतून मोटारसायकली एकामागून एक बाहेर पडत होत्या, प्रत्येकीच्या हँडलला डब्याची पिशवी. हवेत ऑइलचा आणि तापलेल्या लोखंडाचा वास. आमच्या सांगलीत मार्केट यार्डाजवळून गेलं की हळद नाकात बसते, घरी येऊन शिंकावं लागतं. इथं तसं काही होत नाही, पण नितीन म्हणतो की या वासाशिवाय आता त्याला भूक लागत नाही.

भूक लागली होती ती मलाच. नितीनची बायको रेखा. नात्यानं धाकटी, पण मी तिला वहिनी म्हणतो. ती सटाण्याची. सटाण्याच्या माणसांच्या घरी कांदा ही नुसती भाजी नसते, ते हवामान असतं. भाव चढला की माहेरचा फोन हसत येतो, पडला की येतच नाही. त्या दिवशी फोन आला होता, म्हणून जेवणाला शेवभाजी आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी होती. शेवभाजी मी पहिल्यांदाच खाल्ली. आमच्याकडे शेव चिवड्यात किंवा भेळेत जाते, तिला रश्श्यात बुडवायचं आम्हाला सुचलं नसतं. मी दोनदा रस्सा मागून घेतला आणि दोन्ही वेळा डोळ्यांतून पाणी काढलं.

“सांगलीत तिखट खात नाही का हो, दाजी?” वहिनींनी विचारलं.

“खातो की. पण ते आधी सांगून येतं.”

जेवता जेवता नितीननं भाषणाचा विषय काढला आणि मी, कुणी विचारलं की मला थांबता येत नाही, ती सगळी गोष्ट सांगितली. अमेरिकेनं १९३३ साली वीस डॉलरची सोन्याची नाणी पाडली. ती बाजारात यायच्या आतच सरकारनं सोन्याचं चलन बंद केलं आणि नाणी वितळवायचा हुकूम निघाला. थोडी मात्र टाकसाळीतून गुपचूप बाहेर गेली. त्यांतलं एक इजिप्तच्या राजाच्या संग्रहात होतं. पुढं अनेक वर्षांनी एक नाणं न्यूयॉर्कच्या हॉटेलात सरकारनं पकडलं, कोर्टकचेरी झाली, तडजोड झाली, आणि त्या एकाच नाण्याला खासगी मालकीची परवानगी मिळाली. लिलावात विकलं गेलं तेव्हा घेणाऱ्याला किमतीवर आणखी वीस डॉलर भरावे लागले, कारण सरकारच्या लेखी ते नाणं तोवर चलनात आलेलंच नव्हतं. मग २०२१ साली ते पुन्हा विकलं गेलं. जवळजवळ एकोणीस दशलक्ष डॉलरला. आपल्या पैशात साधारण एकशे अडतीस कोटी.

नितीनचा घास हातातच राहिला. “एका नाण्याला?”

“एका नाण्याला. आजवर कुठल्याही नाण्याला एवढे पैसे कुणी मोजलेले नाहीत.”

“आणि ते कुणी कधी वापरलंच नाही?”

“म्हणून तर महाग.”

“मग ते नाणं कसलं?” वहिनी भाकरी वाढत म्हणाल्या. “आमच्याकडं न वापरलेला कांदा सडतो.”

आम्ही हसलो. पण नितीनचं डोकं दुसरीकडेच गेलं होतं. तो उठला, हात धुतला, देवघरातून एक रुपया घेऊन आला आणि माझ्या तळव्यावर ठेवला. चांदीचा, जाडजूड, काळपट करडा. एका बाजूला फारसी अक्षरं आणि त्यांच्यात एक छोटा झेंडा. मी तो दिव्याजवळ नेला. हा मराठ्यांच्या काळातला जरीपटक्याचा रुपया होता. असे रुपये बरेच मिळतात, पण ठसा नाण्यापेक्षा मोठा असायचा, त्यामुळे बहुतेकांवर अक्षरं अर्धीच उमटतात. याच्यावर ती पुरी दिसत होती.

“आईकडून आलाय,” नितीन म्हणाला. “दाजी, याचे किती येतील?”

इथं मी गप्प बसायला हवं होतं. मी म्हणालो, “चांगले येतील. उद्या प्रदर्शनात जाणकार असतात, दाखवू.”

मग नितीननं मनातलं बाहेर काढलं. गंगापूर रोडला मळ्यांमध्ये मिसळीची ठिकाणं झाली आहेत, रविवारी तिथं उभं राहायला जागा नसते. त्याला तसंच एक काढायचं होतं. जागा एका मित्राची. सुरुवातीला काही हातात आलं की नोकरी सोडायची. “बारा वर्षं एकच नट कापतोय, दाजी. सकाळी तोच, रात्री तोच.”

मी मान डोलावली. म्हणालो, करायलाच हवं. आणि जाणकाराच्या थाटात बजावलं, “फक्त एक लक्षात ठेव. याला घासायचं नाही, धुवायचं नाही. हा जो काळपटपणा आहे ना, तो शंभर-दीडशे वर्षांनी येतो आणि एका मिनिटात जातो. संग्राहकाला तोच हवा असतो.”

वहिनी तोवर स्वयंपाकघरात जाऊन मिक्सरवर चटणी वाटत होत्या. रुपया पिशवीत ठेवायला निघालो तेव्हा त्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “लक्ष्मी पिशवीत कशी ठेवायची? देवघरातच राहू द्या. सकाळी घेऊन जा.” मी दिला.

शनिवार : मंगल कार्यालय

सकाळी अंघोळ करून देवघरासमोर गेलो तर तांब्याच्या ताम्हणात रुपया ठेवलेला. आरशासारखा. आदल्या दिवशी दुकानातून आणलेल्या कोऱ्या स्टीलच्या वाटीला लाज वाटावी इतका स्वच्छ. वर हळदीकुंकवाचं बोट. शेजारी वाटीत चिंचेचा चोथा.

“लख्ख झाला ना?” वहिनी पाठीमागून म्हणाल्या.

मी म्हणालो, “हो. छान.” दुसरं काय म्हणणार? आपल्याकडे लक्ष्मीपूजनाला घरोघरी हेच करतात, आमच्या घरीही करतात. चिंच आणि मीठ. मला माझाच राग आला. नितीनला सांगितलं, पण ज्यांच्या हातात देवघर त्यांना सांगितलं नाही. मिक्सर चालू होता हेही दिसत होतं. नितीननं रुपया पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि गाडीला किक मारली.

त्र्यंबक रोडवरून जाताना तो एकदाच बोलला, “तरी काही येतील ना?”

“येतील,” मी त्याच्या पाठीला म्हणालो. पाठीशी बोलताना खोटं जरा सोपं जातं.

प्रदर्शन गजबजलेलं होतं. बोहल्याच्या जागी माझा माईक, आणि जिथं पंगती बसतात तिथं टेबलं, त्यांवर काचा, काचांखाली नाणी. एका टेबलावर परदेशी नाणी किलोवर मिळत होती. दुसऱ्यावर वाढदिवसाच्या तारखेच्या नोटा. एक आजी आपल्या नातीच्या जन्मतारखेची नोट शोधत होत्या आणि विक्रेता म्हणत होता, “आजी, तारीख दोन दिवस पुढची चालेल का? मुलगी हुशार निघेल.” एका कोपऱ्यात चहा, आणि चहाच्या रांगेत सगळ्यांच्या खिशातून डोकावणारी भिंगं. सांगलीत एवढ्या लोकांच्या खिशात मी फक्त तंबाखूची पुडी पाहिली आहे.

माझं भाषण बरं झालं. वीस डॉलर वर भरावे लागले, इथं लोक हसले. मग मी मुद्द्यावर आलो. नाण्याची किंमत त्याच्या अंगावरच्या काळात असते, म्हणालो. लिंबू, चिंच, राख, टूथपेस्ट, कशानंही नाणं घासणाऱ्याला संग्राहक म्हणू नये, असं जोरात म्हणालो. टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी विचारलं, “सर, तुम्ही ते नाणं प्रत्यक्ष पाहिलंय?” मी नाही म्हणालो, तर ते म्हणाले, “मग ठीक आहे, मीही नाही,” आणि समाधानानं बसले.

भाषणानंतर आम्ही शब्बीरभाईंच्या टेबलाशी गेलो. शब्बीरभाई मालेगावचे. घरचे यंत्रमाग मुलांवर सोपवून त्यांनी आयुष्य नाण्यांत घातलंय आणि मराठा नाण्यांत त्यांचा शब्द शेवटचा मानतात, हे ते स्वतःही सांगतात. दाढी मेंदीनं रंगवलेली, आवाज खणखणीत. त्यांनी मला मिठी मारली. “सर, क्या बोले आप! चिंच-लिंबूवाल्यांना बरोबर हाणलंत!”

नितीननं रुमाल उघडला.

शब्बीरभाईंनी रुपया उचलला, खिडकीकडे धरला आणि त्यांचा चेहरा पडला. “या अल्लाह. किसने नहलाया इसको?”

नितीननं तोंड उघडलं. त्याच्या जिभेवर काय आहे ते मला दिसलं. परक्या माणसासमोर, टेबलाभोवती दहा लोक उभे असताना, वहिनींचं नाव निघणार होतं, आणि ते घरी जाईपर्यंत भांडण होणार होतं. मी म्हणालो, “मी.”

“तुम्ही?”

“काल रात्री. चिंचेनं.”

शब्बीरभाईंनी बोहल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा बोहल्याकडे पाहिलं. “सर, आत्ता तर तुम्ही तिथं...”

“हो.”

मागून कुणीतरी खो-खो हसलं. तो प्रश्न विचारणारा गृहस्थ होता. “अहो, प्रात्यक्षिकासकट भाषण!” मग सगळेच हसले. माझे कान गरम झाले, पण खोटं सांगत नाही, आत कुठंतरी बरं वाटलं. अपराध माझाच होता, आता तो जाहीरही झाला होता.

शब्बीरभाई हसले नाहीत. ते आजाऱ्याची नाडी बघावी तसा रुपया फिरवत राहिले. “नाव पुरं आलंय, झेंडा पुरा आलाय. असा शंभरात एक मिळतो. काळा असता तर हौशी माणसानं आनंदानं नेला असता. आता? चांदीचा भाव, वर थोडं.”

“काळा असता तर हॉटेल झालं असतं का?” नितीननं विचारलं.

“हॉटेल? भाई, हॉटेलची शेगडी झाली असती. मोठी. तीन बर्नरवाली.”

परत येताना नितीन म्हणाला, “दाजी, खोटं कशाला बोललात?” मी म्हणालो, “चूक माझीच होती.” तो म्हणाला, “तुम्हाला ना, कुणीही चूक दिली की तुम्ही ती खिशात ठेवता.” पण गाडी नेहमीपेक्षा हळू चालवत होता. शेगडीचा विचार करत असावा. माझ्या एकशे अडतीस कोटींनी त्याला नाही ती आशा लावली होती, हे मला पाठीवरूनही दिसत होतं.

संध्याकाळी जेवायला बसलो. मला राहवेना. मी ताटावरून हात बाजूला घेतला.

“वहिनी, एक सांगायचंय. चूक माझी आहे. रुपया धुवायचा नव्हता. मी नितीनला बोललो, तुम्हाला सांगायला हवं होतं. मिक्सर चालू होता, तुम्हाला ऐकू गेलं नसणार.”

वहिनींनी भाकरी तव्यावरून काढली, माझ्या ताटात टाकली आणि म्हणाल्या, “ऐकू आलं होतं.”

“पण मिक्सर...”

“बंद करून ऐकलं, मग परत चालू केला.”

नितीन वर बघत राहिला. “म्हणजे मुद्दाम धुतलास?”

“मुद्दाम. चिंच, मीठ, वरून लिंबू.”

“अगं, पण का?”

“कुणाचा रुपया आहे तो?” त्यांचा आवाज चढला नव्हता. “लग्नात आईंनी माझ्या ओटीत घातला. नारळ, तांदूळ आणि तो. तुमच्या खिशात घातला नव्हता. काल तुम्ही दोघं जेवता जेवता विकून मोकळे झालात. मी समोर होते. भाकऱ्या वाढत होते. एकानं तरी विचारलं?”

शेजारच्या घरात टीव्हीवर क्रिकेट चाललं होतं, कुणीतरी बाद झालं.

“आणि नोकरी सोडायची म्हणे. परमनंट व्हायला किती वर्षं थांबलो आपण? मिसळ कुठं परमनंट असते?” मग माझ्याकडे वळून, “दाजी, तुम्ही पाहुणे. तुमच्यासमोर भांडायचं नव्हतं. म्हणून धुतला. ती लक्ष्मी शे,” रागात त्यांची सटाण्याची भाषा बाहेर आली, ‘आहे’चं ‘शे’ झालं, “ती लक्ष्मी शे, बाजारना माल नही शे!”

मी दिवसभर माफीचे शब्द जुळवले होते ते सगळे वाया गेले. धुवू नका हे सांगितलं नाही याचं मला वाईट वाटत होतं. विकू का हे विचारलं नाही, हे डोक्यातच आलं नव्हतं. मी दुसऱ्यांदा माफी मागितली. ही छोटी झाली.

नितीन बराच वेळ भाकरीचा तुकडा रश्श्यात फिरवत होता. मग एकाएकी म्हणाला, “आणि दाजींनी तिथं सगळ्यांसमोर काय सांगितलं माहितीये? रुपया मी धुतला म्हणून!”

“काय?”

“भाषणात चिंच-लिंबूवाल्यांना शिव्या देऊन खाली उतरले, आणि म्हणतात चिंचेनं धुतला, मीच!”

वहिनींनी आधी हसू दाबलं, मग दाबलं गेलं नाही. ओढणीनं डोळे पुसत त्या म्हणाल्या, “भाषणानंतर लगेच? थोडं थांबायचं तरी, दाजी!” नितीनही हसला. हसणं संपल्यावर कुणालाही उद्देशून नाही असा बोलला, “सोमवारी फर्स्ट शिफ्ट आहे. डबा लागेल.”

“देईन,” वहिनी म्हणाल्या.

रविवार : मिसळ आणि पुन्हा मंगल कार्यालय

रविवारी तिघंही बाहेर पडलो. आधी मिसळ. शेताच्या कडेला शेड, मातीच्या भांड्यात रस्सा, सोबत पापड, दही आणि शेवटी जिलेबी. आमच्याकडे मिसळीबरोबर पाव असतो आणि बाकी तुमचं नशीब. इथली मिसळ एखाद्या घरगुती समारंभासारखी येते. नितीननं आपल्या हॉटेलाबद्दल एक शब्द काढला नाही. खुर्च्या मात्र मोजल्या. वहिनींना ते दिसलं. त्यांनी त्याच्या पानात आपली जिलेबी ठेवली आणि म्हणाल्या, “रविवारच्या रविवार आपल्याच दारात लावून बघू की. चालली तर बघू.” नितीननं जिलेबी खाल्ली, आणि परतीच्या वाटेवर त्यानं दोनदा विचारलं, मटकी सटाण्याहून स्वस्त पडेल का.

मग वहिनींनाच प्रदर्शन बघायचं होतं. रुपया त्यांच्या पर्समध्ये, रुमालात गुंडाळलेला. मला पाहताच चहाच्या रांगेतून दोघं-तिघं “नमस्कार, चिंचवाले सर!” म्हणाले. मी नमस्कार घेतला. ते नाव आता राहणार.

शब्बीरभाईंसमोर वहिनींनी रुपया ठेवला. “चाचा, याच्यावर लिहिलंय काय?”

शब्बीरभाईंनी भिंग काढलं. काल आम्ही दोघांनी विचारलं होतं ते एकच, किती येतील. त्यांनी अक्षरावर बोट न टेकवता, वरून फिरवत वाचलं. “हे बादशहाचं नाव. त्या काळी राज्य मराठ्यांचं असलं तरी नाणं दिल्लीच्या नावानं पाडायचे. हा जरीपटका, आपला झेंडा. आणि हे टाकसाळीचं गाव. गुलशनाबाद.”

“ते कुठं आलं?”

“बेटी, तू उभी आहेस तिथं. मोगलांनी नाशिकला हे नाव दिलं होतं.”

“म्हणजे हा इथंच बनला?”

“इथंच.”

वहिनींनी रुपया परत घेतला. इथून निघून तो सांगलीला कसा पोचला, आमच्या सासूबाईंच्या माहेरून की सासरहून, कुणाला ठाऊक नाही. पण ओटीतल्या तांदळांबरोबर तो परत इथं आला होता. वहिनी नितीनकडे वळल्या. “ऐकलं? माहेरी आलीये ती. आणि तुम्ही तिला विकायला काढली.”

नितीन म्हणाला, “मला काय माहीत, तिनं सांगितलं नाही.”

शब्बीरभाईंनी खूश होऊन कागदाचं एक छोटं पाकीट काढलं. “हे घे. पैसे नकोत. यात ठेव. हात लावायचा तो फक्त कडेला. आणि आता दिवाळीला कृपा करून...”

“दिवाळीला धुणारच,” वहिनी म्हणाल्या. “माहेरी आलेल्या लेकीला न्हाऊ घालत नाहीत का?”

शब्बीरभाईंनी दोन्ही हात डोक्याला लावले आणि माझ्याकडे पाहिलं. “सर, तुम्ही समजवा ना! काल भाषण केलंत ना तुम्ही?”

आजूबाजूचे लोकही माझ्याकडे बघायला लागले. नाण्याच्या अंगावरच्या काळाबद्दलची ती सगळी वाक्यं माझ्या ओठांशी आली होती. ती खरी आहेत, अजूनही मला पटतात.

“रुपया त्यांचा आहे,” मी म्हणालो. “त्यांना विचारा.”

शब्बीरभाईंनी मोठा सुस्कारा सोडला. खुर्चीवर सावरून बसले, दाढीवरून हात फिरवला आणि गिऱ्हाइकाशी बोलावं तशा अदबीनं वहिनींना विचारलं, “बेटी, निदान लिंबू तरी वगळशील?”

वहिनींनी पाकीट पर्समध्ये ठेवलं, चेन लावली.

“बघू,” म्हणाल्या.